दुसरा वामन : वामनदादा कर्डक यांच्या गीतांविषयी काही विचार

१

मराठी काव्याच्या अभ्यासकांना परिचित असे एक जुने पद्य आहे. त्यात आपल्या थोर कवींना एकेक छंद वाटून दिलेला आहे. ओवी ज्ञानेश्वरांची, अभंग तुकारामांचा, आर्या मोरोपंतांची आणि श्लोक वामन पंडितांचा, अशी ती वाटणी. अनगोळच्या शाळेत वर्गावर उभा राहून हे पद्य मी कितीतरी वर्षे शिकवीत आलो आणि त्या वाटणीत काही उणे आहे असे मला कधी वाटले नाही. पुढे १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गीतसंग्रहाचे नाव माझ्या वाचनात आले : 'हे गीत वामनाचे'. त्या तीनच शब्दांनी जुन्या वाटणीला पुरवणी जोडल्यासारखे झाले. श्लोक पहिल्या वामनाचा खरा. पण गीत दुसऱ्याचे.

हा दुसरा वामन पंडित नव्हता. त्याच्या वाट्याला शास्त्राध्ययन तर राहोच, गावची प्राथमिक शाळाही आली नाही. तारुण्यात पाऊल टाकीपर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. तरीही आज महाराष्ट्रात, आणि महाराष्ट्राबाहेर आमच्यासारख्या सीमेवरच्या मराठी वस्त्यांतही, ज्या कवीची गीते पुस्तकाच्या आधारावाचून हजारो लोकांना तोंडपाठ आहेत अशा मोजक्या कवींत वामनदादा कर्डक ह्यांचे नाव घ्यावे लागते. स्वतः रचावे, स्वतः चाल बांधावी अथवा निवडावी, स्वतःच सभेपुढे उभे राहून गावे, आणि हे सारे कोणा चित्रसंस्थेचा वा नाटक मंडळीचा पगारी गीतकार न होता करावे, असा त्यांचा साठ वर्षांचा क्रम होता. अशा स्वतंत्र गीतकार-गायकाच्या रचनेचे मूल्यमापन कोणत्या निकषाने करावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, ह्या गीतांची घडण कानाने झालेली आहे, डोळ्याने नव्हे. आणि त्यांच्या कर्त्याच्या आरंभीच्या आयुष्याकडे पाहिल्यावाचून ही घडण नीट उमगत नाही.

२

वामन तबाजी कर्डक ह्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी ह्या गावी झाला. वडिलांचे नाव तबाजी, आईचे सईबाई. तालुका पावसाच्या दृष्टीने बेभरवशाचा आणि घर महारवाड्यातले. अशा घरच्या मुलाने त्या काळी शाळेत जावे अशी परिस्थितीही नव्हती आणि गावाची अपेक्षाही नव्हती. मात्र हा मुलगा वाढत असताना त्याच्या जिल्ह्यात जे घडत होते ते लक्षात घेतले पाहिजे. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा वामन सात वर्षांचा होता. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्यास डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली तेव्हा तेरा वर्षांचा. त्याच्या कानावर ह्यांतले नेमके काय आणि केव्हा पडले ह्याचा तर्क मी करीत बसणार नाही. परंतु ज्या हवेत तो श्वास घेत होता ती हवा अशी होती.

वाङ्मयीन संस्कार म्हणून दाखविता येईल असे पुस्तक त्याच्या बालपणात नाही. खेड्यापाड्यांतल्या मुलाच्या कानी जे पडते, म्हणजे जात्यावरची ओवी, भजन, तमाशाच्या फडातली लावणी आणि सवाल-जवाब, तेच त्याचे पाठ्यपुस्तक. शिवाय आंबेडकरी जलशांची परंपरा नाशिक जिल्ह्यातच बाळसे धरीत होती. भीमराव कर्डक ह्यांचा जलसा तर प्रसिद्धच आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातला मजकूर पालटला होता; आंबेडकरी जलशांनी तोच मार्ग पुढे नेला. गण-गवळणीच्या जागी नवा विचार आला, ढोलकी तीच राहिली. आधी कान ओळखीचा करून घ्यावा आणि मग त्यात नवी गोष्ट घालावी, ही ह्या परंपरेची रीत होती. वामनदादांची सारी कला ह्याच रीतीतून वाढली.

तरुणपणी पहिला संसार मोडला, लहानगी मुलगी गेली, आणि आईसह वामन मुंबईस आला. शिवडीच्या बी. डी. डी. चाळीत बिऱ्हाड झाले. गिरणीत काम, कोळशाच्या वखारीत काम, रस्त्यावर किरकोळ जिन्नस विकणे, चित्रपटांच्या कंपन्यांत गर्दीतला माणूस म्हणून उभे राहणे, असे मिळेल ते त्याने केले. मुंबईच्या कामगारवस्तीत त्या वेळी घराघरांतून देशावरची आणि कोकणची माणसे एकमेकांना लागून राहत. संध्याकाळी एकीकडे भजन, दुसरीकडे कव्वाली, तिसरीकडे जलसा. मुंबईची चाळ हे अशा प्रकारे एक विद्यापीठच होते, आणि त्यात प्रवेशासाठी अक्षरओळखीची अट नव्हती.

३

ह्या चाळीतल्या दिवसांतली एक हकिकत त्यांच्या चरित्रातून नेहमी सांगितली जाते. कोणी एक मनुष्य आलेले पत्र वाचून घ्यावयास वामनकडे आला. वामनला ते वाचता आले नाही. अंगापिंडाने धड, बोलण्यात चतुर अशा तरुणाने एवढे साधे काम नाकारावे ह्याचे त्या मनुष्याला नवल वाटले असेल. वामनच्या मात्र डोळ्यांत पाणी उभे राहिले. पुढे देहलवी नावाच्या मास्तरांकडून तो मुळाक्षरे शिकला आणि बाराखडी, जोडाक्षरे पक्की केली ती मुंबईच्या रस्त्यांवरील दुकानांच्या पाट्या वाचून.

ही हकिकत मला शिक्षक म्हणून अस्वस्थ करते आणि वाङ्मयाचा वाचक म्हणून उद्बोधक वाटते. शिक्षक म्हणून अशासाठी की, आम्ही बेळगावकर पाट्यांकडे कधी निर्विकार मनाने पाहू शकलेलो नाही. पाटीवर कोणती भाषा असावी, कोणती वर आणि कोणती खाली, किती मोठ्या अक्षरांत, ह्यावर आमच्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले आहेत. मात्र पाटी हे एखाद्याचे पहिले पुस्तक असू शकते, ही गोष्ट ह्या वादात दोन्ही बाजूंनी क्वचितच कोणी बोलून दाखविली असेल. माझ्या शाळेत येणाऱ्या मुलांच्या कानांत घरची मराठी असते. बाजारातून जाताना त्यांच्या डोळ्यांना दिसते ते बहुधा कानडी आणि इंग्रजी. कानडी अक्षरांशी माझे काही वैर नाही. ती अक्षरे वाचतच मीही लहानाचा मोठा झालो. परंतु कानात एक भाषा आणि डोळ्यापुढे दुसरी, ह्या अवस्थेत भाषा गाण्याच्या आधाराने किती काळ टिकते, हा प्रश्न आम्हांला केवळ वाङ्मयीन नाही.

वाचक म्हणून ही हकिकत उद्बोधक वाटते ती तुलनेमुळे. निरक्षर प्रतिभेचे आपल्याकडील सर्वमान्य उदाहरण म्हणजे बहिणाबाई चौधरी. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली, पुत्र सोपानदेव ह्यांच्यामुळे आणि आचार्य अत्रे ह्यांच्या पुरस्कारामुळे पुस्तकरूपाने आली. म्हणजे तेथे गाणे आईचे आणि अक्षर मुलाचे. वामनदादांच्या बाबतीत दोन्ही एकाच माणसाची. गाणाऱ्या कानाने उशिरा आलेले अक्षर आपल्या चाकरीस ठेवले. एरवी अक्षर आधी येते आणि पुष्कळदा तेच कानावर मालकी गाजवू लागते. वामनदादांचे गीत छापील पानावर अनेकदा साधे, क्वचित विरळही दिसते, ह्याचे कारण येथे सापडते. ते पान हे त्या गीताचे घर नव्हे. ते त्याचे टिपण होय.

अण्णाभाऊ साठे ह्यांचा वृत्तान्त बराचसा ह्यासारखाच आहे. वाटेगावच्या शाळेत त्यांचा पाय दीड दिवसांहून अधिक टिकला नाही, असे सांगतात. वडिलांबरोबर पायी मुंबई गाठून त्यांनीही तेथेच अक्षर कमावले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर ह्यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजलेली त्यांची 'माझी मैना' ही छक्कड आमच्या भागात कोणाला शिकवावी लागत नाही. जिच्या विरहाचे ते गाणे आहे त्या मैनेत आमचे बेळगाव आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि आम्ही बाहेर राहिलो. त्या दिवसापासून छक्कडीतला विरह आमच्यापुरता जुना झालेला नाही. तथापि अण्णाभाऊंच्या पाठीशी पक्ष होता, पथक होते, पुढे कादंबरीचे क्षेत्रही होते. वामनदादांच्या पाठीशी चळवळ होती. पण पथक म्हणाल तर दोन साथीदार, आणि क्षेत्र म्हणाल तर केवळ गीत. म्हणून स्वतंत्र गीतकार-गायकाचा विचार करावयाचा तर वामनदादांचेच उदाहरण अधिक निखळ ठरते.

४

१९४३ च्या मे महिन्यात वामनदादांनी पहिली रचना केली. ती एका हिंदी गाण्याचे विडंबन होती, असे सांगतात. त्याच वर्षी त्यांनी डॉ. आंबेडकरांना प्रत्यक्ष पाहिले आणि ऐकले. वय वीस-एकवीस वर्षांचे. आरंभ उसन्या चालीवर आणि विडंबनाने, ही गोष्ट विद्वज्जनांना कमीपणाची वाटते. 'चालीवर बसविलेली गाणी' असे म्हणताना आपल्या स्वरात नकळत तुच्छता येते.

ही तुच्छता आपल्याच परंपरेच्या विस्मरणातून आलेली आहे. आमच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर ह्यांनी १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा त्यातील पदे कीर्तनातल्या, लावणीतल्या, कानडी पदांतल्या परिचित चालींवरच बांधलेली होती. नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर मूळ चालीचा निर्देश करण्याची पद्धत पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. त्याबद्दल किर्लोस्करांना कोणी कमी लेखीत नाही. प्रेक्षागृहात शालू-शेले असले म्हणजे चाल उसनी घेणे ही योजकता ठरते आणि चाळीच्या पटांगणात तेच केले की ते अनुकरण ठरते, हा न्याय टिकणारा नाही.

चाल घेण्यामागे एक व्यावहारिक कारणही असते. ज्याच्याजवळ ध्वनिमुद्रिका नाही, नभोवाणी नाही, छापखाना नाही, त्याला आपले गाणे एका रात्रीत दुसऱ्याच्या गळ्यात उतरवावयाचे असते. चाल ओळखीची असेल तर ऐकणाऱ्याला केवळ शब्दच पाठ करावे लागतात. वामनदादांचे गीत गावोगाव गेले ते असे. आज देशवंडीकडच्या एखाद्या सभेत गाइलेले गीत काही दिवसांनी खानदेशात, वऱ्हाडात निघे, आणि गाणाऱ्याने कवीला पाहिलेलेही नसे. पुढे ह्या कवीला स्वतःची चाल सापडली, कव्वालीच्या अंगाने ती फुललीही. पण शब्द असा असावा की तो एकदा ऐकून पाठ व्हावा, ही पहिल्या दिवसांतली शिस्त त्यांनी कधी सोडली नाही.

ह्या उदयाला १९५६ सालाने एक निराळीच निकड दिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धर्मांतर झाले आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. लाखो माणसांनी जुने देव सोडले. त्याबरोबर जुने पाळणे, जुनी लग्नातली गाणी, जुन्या आरत्या आणि भजनेही सुटली. धर्म पालटता येतो, पण बारशाला, लग्नाला, मरणाला गाण्यावाचून राहता येत नाही. जे रिकामे झाले ते भरावयास कोणी तरी हवे होते. वामनदादांसारख्या कवींनी ते भरले. त्यांनी भीमाचा पाळणा गायिला, बुद्धाची महती गायिली, नव्या घराला नवी ओवी दिली. एखाद्या समाजाचे अवघे गाणे नव्याने रचण्याचा असा प्रसंग वाङ्मयाच्या इतिहासात वारंवार येत नाही. तो ज्याच्या वाट्याला आला त्याच्या रचनांची संख्या हजारांत गेली ह्याचे आश्चर्य वाटावयास नको.

५

आता रचनेकडे वळू. गीते येथे उद्धृत न करता त्यांच्या घडणीविषयीच बोलतो. ज्यांना ती पाठ आहेत त्यांना उद्धरणाची गरज नाही, आणि ज्यांना नाहीत त्यांनी ती ऐकावीत, वाचून काम भागणार नाही.

त्यांच्या एका अतिशय लोकप्रिय गीतात देशातील बड्या उद्योगपतींना नावानिशी हाक मारून, संपत्तीतील आमचा वाटा कोठे आहे, असा सवाल केलेला आहे. वर्तमानपत्राच्या अग्रलेखात हाच प्रश्न शेकडो वेळा आला असेल. गीतात तो ठसतो तो यमकामुळे. उद्योगपतींची घराणी आणि 'वाटा' हा शब्द ह्यांचे यमक असे बिनचूक जुळते की, धनिकाच्या आडनावातच गरिबाचा वाटा दडलेला असल्याचा भास होतो. यमक येथे शोभेसाठी आलेले नाही. ते युक्तिवाद करते. ऐकणारा हसतो आणि हसता हसता हिशेब मागू लागतो. सवाल-जवाबाच्या फडावर वाढलेल्या कानालाच असे यमक सुचू शकते.

दुसरे उदाहरण अगदी वेगळ्या वृत्तीचे आहे. बाबासाहेबांच्या पश्चात अनुयायांची जी पांगापांग झाली तीवर एका गझलेच्या घाटाच्या गीतात त्यांनी प्रहार केला आहे. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जरी खरे अनुयायी असते, तरी काय झाले असते, असा त्याचा आशय. प्रत्येक द्विपदीच्या शेवटी 'असते' हे क्रियापद पुनः पुनः येते. मराठी व्याकरणात ह्याला आपण संकेतार्थ म्हणतो : जे झाले नाही, पण होऊ शकले असते, ते सांगणारा अर्थ. वर्गात हा अर्थ समजावून देताना माझी पुरेवाट होते. ह्या गीतात तो दर दोन ओळींनी काळजावर आघात करून जातो. गझलेतील रदीफ हा नुसता पुनरुक्त शब्द नसून तो त्या रचनेचा स्थायी भाव होऊ शकतो, ह्याचे इतके स्वच्छ मराठी उदाहरण मला दुसरे चटकन आठवत नाही.

मराठीत गझल दोन वाटांनी आली असे म्हणावयास हरकत नाही. एक वाट माधव जूलियन ह्यांची. फार्सीच्या व्यासंगातून निघालेली आणि १९३३ च्या 'गज्जलांजली'पर्यंत आलेली. दुसरी वाट मुंबईच्या कामगारवस्तीतल्या कव्वालीच्या मैफलींची. पहिलीची नोंद वाङ्मयेतिहासाने केली. दुसरीवरून वामनदादा आले. आणि त्यांच्या हाती हा परका घाट इतका घरचा झाला की, ऐकणाऱ्या बाईमाणसाला हा कोणता काव्यप्रकार आहे हे विचारण्याची गरज पडली नाही.

मात्र केवळ गुणच दाखविले तर ती टीका होणार नाही. हजारो रचना करणाऱ्या कवीच्या सर्वच रचना सारख्या तोलाच्या नसतात. जयंतीच्या मंडपासाठी तातडीने रचलेल्या काही गीतांत स्तुतीचे ठरीव शब्द पुनः पुनः येतात. उपमा झिजलेल्या असतात. आशय आधीच ठाऊक असल्याने यमक केवळ ओळ पुरी करण्याच्या कामी येते. सभा हाच निकष मानला तर ज्याला टाळी पडते ते सारेच चांगले मानावे लागेल, असा आक्षेप कोणी घेतला तर तो वाजवी होय. माझे उत्तर असे की, टाळी हा सभेचा निकष नव्हे. टाळी क्षणाची असते. कवी सभेतून उठून गेल्यावर, आणि पुढे जगातून गेल्यावरही, जे गीत लोक आपल्या कामाच्या वेळी, कोणी ऐकत नसताना म्हणतात, ते त्या सभेने पसंत केलेले गीत. ह्या कसाला वामनदादांच्या पुष्कळ रचना उतरणार नाहीत. पण ज्या उतरल्या आहेत त्यांची संख्या आपल्या कित्येक मान्यवर कवींना हेवा वाटावा एवढी आहे.

६

ह्या निकषाचा धडा मला ज्या प्रसंगाने मिळाला तो सांगतो. त्यात चूक माझी आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलामुलींनी वामनदादांचे एक गीत बसविले होते. कार्यक्रम लांबला होता, पाहुण्यांना परत जावयाचे होते. मी रंगमंचामागे जाऊन बाईंना सांगितले की, शेवटचे कडवे वगळा. मुलांनी ते वगळले. गाणे चांगले झाले, टाळ्याही पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एका विद्यार्थिनीची आजी मला भेटावयास आली. तिचे माहेर निपाणीचे. उमेदीची सारी वर्षे विड्या वळण्यात गेलेली. ती रागावली नव्हती, पण तिला काहीतरी खटकले होते. म्हणाली, "गुरुजी, पोरं चांगली म्हटली. पण गाणं अर्ध्यावरच सोडलासा की ओ. त्याचं नाव कुठं आलं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, वगळलेल्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा होती.

'नामा म्हणे', 'तुका म्हणे' ह्या मुद्रा आपण शिकवितो त्या संतांच्या नम्रतेची अथवा अधिकाराची खूण म्हणून. शाहिरांच्या लावणी-पोवाड्यांतही कर्ता अखेरच्या चौकात आपले नाव गुंफतो. ह्या पद्धतीचा एक अर्थ मात्र त्या विडी वळणाऱ्या आजीने मला शिकविला. ज्याचे पुस्तक निघणार नाही, ज्याचे नाव कोठल्या पाटीवर लागणार नाही, त्याने आपले नाव ठेवावे तरी कोठे? तो ते गाण्याच्या आतच ठेवतो. गाणे जेथे जाईल तेथे नाव जाईल. वामनदादांनी १९४३ पासून गायिले. त्यांचा 'वाटचाल' हा संग्रह निघाला तो १९७३ साली. मधली तीस वर्षे त्यांचे नाव टिकविले ते अखेरच्या कडव्याने. आणि १९७७ च्या संग्रहाला त्यांनी जे नाव दिले, ज्याचा मी आरंभी उल्लेख केला, ते तरी काय आहे? मुखपृष्ठावर चढलेली नाममुद्राच ती.

'सांगते ऐका' सारख्या १९५९ च्या गाजलेल्या चित्रपटात त्यांचे गीत आले. पुढे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ह्यांच्यासारख्या गायकांच्या आवाजात भीमगीत ध्वनिमुद्रिकांवर आणि ध्वनिफितींवर पोहोचले. ह्या साधनांनी गीताचा पल्ला वाढविला हे खरे, परंतु त्यांच्यामुळे आणखी एक गोष्ट घडली. फितीच्या वेष्टनावर गायकाचे नाव ठळक, गीतकाराचे बारीक अथवा नाहीच. आणि तीन-चार मिनिटांत बसावे म्हणून कडवी कमी केली की जावयाचे ते बहुधा शेवटचे. म्हणजे स्नेहसंमेलनात मी जे केले तेच बाजाराने मोठ्या प्रमाणावर केले. पत्र वाचता न आल्याने ज्याच्या डोळ्यांत पाणी आले, त्याने जिद्दीने कमावलेल्या अक्षरांत लिहिलेले आपले नाव आपण वेळेअभावी कापतो, ह्या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या तोंडी हे नाव इतके दृढ कसे राहिले, ह्याचे उत्तर निपाणीच्या इतिहासात असावे. १९२५ च्या एप्रिलात मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद निपाणीसच भरली होती आणि डॉ. आंबेडकर तिला उपस्थित होते. ज्या गावाने ती सभा पाहिली त्या गावातील आज्या-पणज्यांनी पुढे भीमगीत ऐकले तेव्हा त्यांना ते परके वाटले नसावे. विड्या वळणे हे हाताचे काम. तोंड मोकळे असते आणि दिवस लांब असतो. तेथे गाणे म्हणताना कोणी घाई करीत नाही, म्हणून शेवटचे कडवेही राहते.

७

१९९३ साली वर्ध्यास भरलेल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वामनदादांना मिळाले. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले. आता त्यांच्या नावे अभ्यास होतो, त्यांच्या रचना गोळा केल्या जातात. हे सर्व इष्टच आहे. तथापि संग्राहकांना आणि अभ्यासकांना माझी एक विनंती आहे. म. वा. धोंड ह्यांनी १९५६ मध्ये 'मऱ्हाटी लावणी'चा विचार करताना लावणी हा गाण्याचा, सादर करण्याचा प्रकार आहे हे ध्यानी ठेवले. तीच दृष्टी ह्या गीतांकडे वळविली पाहिजे. छापील पाठ हा एक आधार. पण त्याबरोबर चाल कोणती, प्रसंग कोणता, गाणारे कोण, कडव्यांचा क्रम कोठे पालटला, मुद्रा राहिली की गेली, हेही नोंदविले पाहिजे. त्यासाठी ज्यांच्या तोंडी ही गीते आहेत त्यांच्याकडे जावे लागेल, आणि ती माणसे वृद्ध होत चालली आहेत. पुस्तक दहा वर्षांनीही वाचता येते. निपाणीच्या त्या आजीला मात्र दहा वर्षांनी विचारता येणार नाही.

शाळेपुरते मी जे करू शकलो ते लहानसे आहे. दुसऱ्या वर्षी त्याच मुलांकडून तेच गीत संपूर्ण म्हणवून घेतले. वेळ अपुरा पडला तेव्हा मुख्याध्यापकाचे भाषण वगळले. त्याबद्दल कोणीही तक्रार केली नाही. त्या आजी पुढच्या रांगेत बसल्या होत्या. शेवटच्या कडव्यात नाव आले तेव्हा त्यांनी मुलांबरोबर ते नाव म्हटले.

जुन्या पद्यातील छंदांची वाटणी मी अजूनही शिकवितो. मात्र श्लोकावरचे वामन पंडितांचे नाव फळ्यावर लिहिले की आता थोडी जागा सोडतो आणि खाली गीताची ओळ स्वतः घालतो. मग मुलांना विचारतो, हा दुसरा वामन कोण? वर्गात कोणी ना कोणी गाऊनच उत्तर देते. आमच्या अनगोळात मराठी अक्षराचे पुढे काय होईल हे मला ठाऊक नाही. पण देहलवी मास्तरांपुढे बसलेल्या त्या तरुणाला अक्षर येण्यापूर्वी गाणे आलेले होते, आणि गाणे होते म्हणूनच अक्षराची तहान लागली. मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाला आजच्या दिवसांत ह्याहून मोठा आधार मला तरी दिसत नाही.